चार तास कोरे सोडा : चमत्कारी शेतीचा दावा कसा तपासायचा

आधीच सांगून टाकते, इथला तास घड्याळाचा नव्हे, तिफणीचा. आमच्या हिंगोली-परभणीकडे पिकाच्या ओळीला तास म्हणतात. कृषी सहायक म्हणून सव्वीस वर्षं गावोगाव फिरले, त्यात सगळ्यात जास्त वेळा तोंडातून निघालेलं वाक्य हेच असेल : नवं काय वापरायचं ते वापरा, पण चार तास कोरे सोडा, म्हणजे त्यांवर ते नवं वापरू नका.

निवृत्तीनंतर हा विषय पुन्हा निघाला तो भाच्यामुळे. घरच्या ग्रुपवर त्यानं सकाळी एक फॉरवर्ड टाकला. लायसेन्को नावाच्या सोव्हिएत रशियातल्या माणसानं खोटं विज्ञान सांगितलं आणि कोट्यवधी लोक भुकेनं मेले, असं त्यात होतं. दुपारी त्याच ग्रुपवर त्याच भाच्याचा व्हिडिओ आला : अमुक द्रावण फवारा, सोयाबीन एकरी ८० क्विंटल. मी फोन लावला. म्हटलं, सकाळचं तू स्वतः वाचलं होतंस का? तर म्हणतो, "वाचलं की मावशी. काय येडे लोक होते ना!"

तर ही रीत मुळात त्याच्यासाठी लिहून काढली. कोणाला उपयोगी पडली तर बरंच आहे.

पहिलं काम, आकडा एकरावरून चौरस मीटरवर उतरवायचा. एकर-हेक्टरचा आकडा कानाला गोड लागतो, कारण तेवढं वावर कोणाच्याच नजरेत एकदम मावत नाही. चौरस मीटर मात्र उकिडवं बसून पाहता येतो. एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. ८० क्विंटल म्हणजे ८,००० किलो, म्हणजे दर चौरस मीटरला जवळजवळ दोन किलो सोयाबीन. ४५ बाय ५ सेंटिमीटरवर पेरलं तर तेवढ्या जागेत ४४ झाडं बसतात. म्हणजे एका झाडाला ४५ ग्रॅम दाणा. शंभर दाण्यांचं वजन ११ ग्रॅम धरा, शेंगेत सरासरी अडीच दाणे धरा, तर झाडाला एकशेसाठच्या वर शेंगा झाल्या. बांधाकडेच्या एखाद्या मोकळ्या झाडाला लागतीलही. व्हिडिओत तेच झाड हातात धरलेलं असतं. पण पाणी साचलेल्या कोपऱ्यातल्या, खोडमाशीनं पोखरलेल्या, रानडुकरानं तुडवलेल्या झाडांनाही तेवढ्याच शेंगा? भाच्याला म्हटलं, आत्ता वावरात जा आणि दहा झाडांच्या शेंगा मोजून फोन कर. संध्याकाळी त्याचा आवाज जरा खाली आला होता.

हीच गणिताची काडी १९५८ सालच्या चीनला लावून पाहा. माओच्या 'मोठ्या झेपे'चं, म्हणजे उत्पादन एकदम कितीतरी पटींनी वाढवायच्या मोहिमेचं ते वर्ष. १८ सप्टेंबरला तिथल्या सरकारी वर्तमानपत्रात बातमी आली की क्वांग्शीमधल्या ह्वानच्यांग काउंटीत भाताचं उत्पादन एका मूला १,३०,४३४ जिन आलं. मू म्हणजे साधारण ६६७ चौरस मीटर आणि जिन म्हणजे अर्धा किलो. करा भागाकार. चौरस मीटरला ९८ किलो धान! बरं पिकलेल्या भातात चौरस मीटरला अर्धा किलो निघतं. ९८ किलो धान एका चौरस मीटरवर नुसतं ओतलं, पेंढा नाही, मूळ नाही, माती नाही, तरी सतरा-एक सेंटिमीटर जाडीचा थर होतो. घोटा बुडेल एवढा. रोप कुठे उभं राहणार?

त्यांनी काय केलं होतं, तर पिकत आलेली रोपं कितीतरी वावरांतून मुळासकट उपटली आणि एकाच वावरात कोंबून उभी केली. अशा दाटीत हवा खेळत नाही, बुडाला कुजतं, म्हणून काही ठिकाणी वारा घालायचीसुद्धा सोय केली. त्याच्या महिनाभर आधी हुबेईतल्या माचंगचा ३६,९०० जिनचा विक्रम छापून आला होता. त्या सुमाराचा एक फोटो पुष्कळांनी पाहिला असेल : भाताच्या ओंब्यांवर पोरं उभी, पीक इतकं दाट की पोरं खाली जात नाहीत. खाली बाक दडवलेलं होतं. अशा वावरांना तिकडे 'उपग्रह' म्हणायचे, रशियानं नुकताच स्पुटनिक सोडला होता ना, त्यावरून. एका गावानं उपग्रह सोडला की शेजारच्याला त्याहून उंच सोडणं भाग.

आणि हे सगळं अडाण्यांचं काम होतं असं समजू नका. चेन श्युएसन म्हणून मोठे रॉकेटशास्त्रज्ञ होते, अमेरिकेत शिकलेले. जून १९५८ मध्ये त्यांनी तरुणांच्या वर्तमानपत्रात लेख लिहून हिशोब मांडला की पिकानं सूर्याची ऊर्जा अमुक टक्के घेतली तर उत्पादन कितीतरी पटींनी वाढवता येईल. गुणाकारात चूक नव्हती. पण वावरात पीक फक्त ऊन खाऊन वाढत नाही हे रॉकेटवाल्याला कोण सांगणार? म्हणून भाच्याच्या वहीत मी हेही लिहून दिलंय : दावा करणाऱ्याची पदवी कशातली आहे ते बघ, आणि तो चुकला तर त्याच्या घरातलं काय जातं तेही बघ.

आता दुसरं काम. हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून जरा सावकाश सांगते.

एका वर्षी एका टॉनिकवाल्यानं गावात रस्त्याला लागून प्रात्यक्षिक लावलं होतं. कंपनीचं नाव घेत नाही. प्लॉट विहिरीजवळचा, भारी काळ्या जमिनीचा, दोन पाणी जास्तीचे दिलेले. तुलनेला काय? तर ओढ्यापलीकडचं मुरमाड वावर. शेतमालक काका मला म्हणाले, "ताई, डोळ्यानं दिसतंय की फरक." म्हटलं, दिसतंय ते जमिनीचं आहे का बाटलीचं, ते पुढच्या हंगामात आपणच पाहू.

पुढच्या खरिपात आम्ही एकाच सारख्या वावरात सहा-सहा तासांचे आठ पट्टे आखले, प्रत्येक वीस मीटर लांब. एकाआड एक : फवारलेला, कोरा, फवारलेला, कोरा. कोऱ्या पट्ट्यांवर तेवढंच साधं पाणी फवारलं, म्हणजे ओलाव्याचा फरक मध्ये यायला नको. काढणीला प्रत्येक पट्टा वेगळा कापला, वेगळ्या ताडपत्रीवर वेगळा बडवला. फवारलेल्यांची वजनं आली ९.१, ८.२, ९.६ आणि ८.५ किलो. कोऱ्यांची ८.९, ९.४, ८.० आणि ८.७. बेरीज मारली तर ३५.४ आणि ३५.०. काका खूश झाले, चारशे ग्रॅम वाढलं म्हणून. मी त्यांना नुसते कोरे पट्टे पुन्हा दाखवले. एकच जमीन, एकच बियाणं, काहीही न फवारता एक पट्टा ९.४ आणि दुसरा ८.०. जमीन आपली आपणच जवळजवळ दीड किलोनं वरखाली होते, त्यात चारशे ग्रॅमला कोण विचारतो? एकच कोरा पट्टा ठेवला असता आणि तो नेमका ८ किलोचा निघाला असता, तर टॉनिकवाल्याचा फोटो पेपरात आला असता.

लायसेन्कोनं कोरे तासच सोडले नाहीत. माझ्या मते त्याची सगळी गोष्ट इथेच आहे.

त्रोफिम लायसेन्को, जन्म १८९८, युक्रेनमधल्या शेतकऱ्याचा पोरगा. १९२७ मध्ये 'प्रावदा' या सोव्हिएत वर्तमानपत्रानं त्याच्यावर कौतुकाचा लेख छापला. अझरबैजानमधल्या गांजा नावाच्या शहरातल्या शेती केंद्रात त्यानं हिवाळ्यात वाटाणा घेतला होता, तो नेमका सौम्य हिवाळ्यात आला. १९२९ मध्ये त्याच्या बापानं थंडीत ठेवलेलं हिवाळी गव्हाचं भिजकं बी वसंतात पेरलं, ते निसवलं, म्हणजे त्याला ओंब्या आल्या, आणि पोराचं नाव देशभर झालं. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. थंडी दिल्यावर हिवाळी गहू निसवतो हे खरंच आहे, आणि ते त्याच्या आधीपासून माहीत होतं. (आपल्याकडचा गहू वेगळा, त्याला निसवायला अशी थंडी लागत नाही.) पक्कं खोटं कोणी विकत घेत नाही. खऱ्याच्या गाभ्याभोवती गुंडाळलेलं खोटं खपतं.

थंडी दिल्यानं उत्पादन वाढतं का, हा प्रश्न वेगळा होता. त्यासाठी त्यानं सामूहिक शेतांना छापील फॉर्म पाठवले. किती बी भिजवलं, किती वाढ मिळाली, भरा आणि पाठवा. आता तुम्ही त्या शेताचे अध्यक्ष आहात, वरून फॉर्म आलाय, आणि मागच्या वर्षी शेजारच्या अध्यक्षाला कामात खोडा घातला म्हणून नेलंय. तुम्ही 'वाढ शून्य' लिहाल? मी सरकारी नोकरी केलीय, फॉर्म कसे भरले जातात मला विचारा. कॉन्स्टांटिनोव नावाचा शास्त्रज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अनेक केंद्रांवर, बऱ्याच वाणांवर, कोऱ्या प्लॉटशी ताडून काही वर्षं मोजलं, तेव्हा भरवशाची वाढ काही दिसली नाही. ओलं बी शेडमध्ये सारखं खालीवर करत राहायची मजुरी मात्र दिसली, आणि बी बुरशी धरायची ती वेगळीच.

मग तो टिकला कसा? कारण तो लवकर देतो म्हणत होता. चांगला वाण तयार व्हायला दहा-बारा वर्षं लागतात. सरकारनं चार-पाच वर्षांत पाहिजे म्हटलं, तर यानं अडीच वर्षांत देतो म्हणून सांगितलं. बाटलीवाला आणि हा, दोघांचं बोलणं ऐका, सूर एकच.

तिसरं काम : 'नाही' म्हणणाऱ्याचं पुढे काय झालं याची चौकशी करा.

फेब्रुवारी १९३५ मध्ये सामूहिक शेतकऱ्यांच्या परिषदेत लायसेन्को म्हणाला की वर्गशत्रू विज्ञानातही असतो, शास्त्रज्ञ असला तरी शत्रू तो शत्रूच. स्टालिन समोर बसला होता, त्यानं जागेवरून दाद दिली, "ब्राव्हो, कॉम्रेड लायसेन्को, ब्राव्हो!" त्या क्षणानंतर कोऱ्या प्लॉटचा आकडा मांडणं म्हणजे शेतीचा विषय राहिला नाही.

निकोलाय वाविलोव जगभर फिरून पिकांचं बियाणं गोळा करणारा माणूस. लायसेन्कोला सुरुवातीला त्यानंच सांभाळून घेतलं होतं, हे वाचून मला फार वाईट वाटलं होतं. ६ ऑगस्ट १९४० ला युक्रेनमध्ये बियाणं गोळा करायला गेला असताना त्याला अटक झाली. फाशीची शिक्षा झाली, ती पुढे वीस वर्षांच्या कैदेवर आली, आणि २६ जानेवारी १९४३ ला सारातोवच्या तुरुंगात तो गेला. उपासमारीनं. त्याच सुमारास जर्मन फौजेच्या वेढ्यात अडकलेल्या लेनिनग्राडमध्ये त्याच्या संस्थेतली माणसं बियाण्याची राखण करत होती. त्यातली कितीतरी भुकेनं मेली. भाताच्या संग्रहाची जबाबदारी दमित्री इवानोवकडे होती. हजारो पाकिटं भाताची भोवती असताना तो उपाशी गेला, पण पाकीट फोडलं नाही.

ऑगस्ट १९४८ मध्ये कृषी अकादमीच्या बैठकीत लायसेन्कोनं शेवटच्या दिवशी सांगितलं की माझं भाषण पक्षाच्या केंद्रीय समितीनं तपासून मंजूर केलंय. आनुवंशशास्त्रावर तिथे बंदीच आली. एकाच जातीची रोपं एकमेकांशी झगडत नाहीत हे त्याचं सूत्र मग निर्वेध झालं. गवताळ प्रदेशात वनपट्टे लावताना ओकचं बी एकेका खड्ड्यात घोसानं टाकलं, आणि रोपं मोठ्या प्रमाणात मेली. आपल्याकडे ज्वारीची विरळणी करणाऱ्या कुठल्याही बाईला विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. चीनच्या दाट लावणीमागे हेच सूत्र होतं. खोल नांगरटही त्याच यादीत. दोन-तीन फूट, कुठे त्याहून खोल खणून खालची मेलेली माती वर आणली.

आता आपल्याकडचं सांगते, कारण हे आम्हाला फुकट मिळालंय आणि त्याची किंमत कळत नाही. पीक कापणी प्रयोग, म्हणजे गावाचं उत्पादन मोजायची सरकारी रीत, तुम्ही पाहिला असेल. वावर कुठलं हे रँडम नंबरावरून ठरतं, आणि वावरात प्लॉट कुठे टाकायचा हेसुद्धा. नैऋत्य कोपऱ्यावर उभं राहायचं, नंबराप्रमाणे इतकी पावलं लांबीत, इतकी रुंदीत, तिथे खुंटी. १० बाय ५ मीटर मोजायचं, दोरी ताणायची, कापायचं, वजन करायचं. एका वर्षी खुंटी ठोकत होते तर गावकरी म्हणाले, "ताई, पाणी लागलेला कोपरा घ्या की, विमा तरी बसेल." विम्याचा माणूस म्हणाला, "मॅडम, ही वाळलेली झाडं प्लॉटबाहेर धरा." वजन भरलं ६.२ किलो. ५० चौरस मीटरचं वजन ८१ नं गुणलं की एकरी उत्पादन मिळतं, म्हणजे पाच क्विंटल. संध्याकाळी वरच्या एका साहेबांचा फोन : "एवढं कमी कसं हो?" तिघांना एकच उत्तर दिलं. नंबर मी काढलेला नाही. रँडम नंबर म्हणजे आमच्यासारख्या लहान नोकराची भिंत आहे, तिच्यामागे उभं राहता येतं.

ही पद्धत देशात रुजवण्यात आपल्या साताऱ्याच्या बुध गावात जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांचा मोठा वाटा. १९४० च्या दशकात त्यांचा आणि दुसरे संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांचा प्लॉटच्या आकारावरून मोठा वाद झाला. महालनोबिस लहान प्लॉट पुरे म्हणायचे. सुखात्मे म्हणायचे, प्लॉट लहान असला की कडेची झाडं आत धरली जातात आणि उत्पादन फुगतं. दोघांनी आकडे छापले, एकमेकांना खोडलं, आणि दोघंही आपापल्या कामावर राहिले. वाविलोव तुरुंगात गेला त्याच दशकातली ही गोष्ट.

चौथं काम, आकडा पुढे कशाला जोडला जातो ते पाहा. चुकीच्या पद्धतीनं एखादं पीक बुडतं, फार तर गाव कर्जात जातं. दुष्काळ पडतो तो फुगवलेल्या आकड्यावर वसुली होते तेव्हा.

चीननं १९५८ साली ३७.५ कोटी टन धान्य झाल्याचं सांगितलं. प्रत्यक्षात ते २० कोटींच्या आसपास होतं. गावापुरतं बोलू. पिकली २०० पोती, कागदावर ३७५. सरकार तिसरा हिस्सा नेतं असं समजा. खऱ्यावर नेला असता तर ६७ पोती गेली असती आणि १३३ उरली असती. कागदावरच्या आकड्यानं १२५ गेली, उरली ७५. त्यातच बियाणं, त्यातच जनावरं, त्यातच वर्षभराचं खाणं. १९५९ मध्ये देशाचं उत्पादन १७ कोटी टनांवर आलं आणि सरकारनं त्यातलं जवळजवळ ४० टक्के उचललं. त्याच वर्षी ४० लाखांहून जास्त टन धान्य बाहेरच्या देशांत विकलं. आदल्या ऑगस्टमध्ये माओ शूश्वेई काउंटीला गेला होता, तिथे एवढ्या धान्याचं करायचं काय, लोकांनी दिवसातून पाच वेळा खावं, अशी बोलणी झाली होती. धान्य उदंड आहे म्हणून १९५९ मध्ये पेरा सुमारे नऊ टक्क्यांनी कमी केला. चिमण्या दाणे खातात म्हणून मारल्या, किडीला रान मोकळं झालं. धान्य नाही म्हणणाऱ्या गावांवर धान्य लपवल्याचा आळ आला, घरांच्या झडत्या झाल्या. पक्षाच्या लूशान इथल्या बैठकीत संरक्षणमंत्री फंग दहुआयनं हे बोलून दाखवलं, त्याचं मंत्रिपद गेलं. १९६० मध्ये उत्पादन १४.३५ कोटी टन. मेलेल्यांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत आहेत. विक्रमी भाताच्या ह्वानच्यांगमध्येसुद्धा हजारो गेले.

म्हणून भाच्याचा सकाळचा फॉरवर्ड मी दुरुस्त करून परत पाठवला. १९३२-३३ चा युक्रेन आणि कझाकस्तानचा दुष्काळ लायसेन्कोच्या नावावर टाकू नका. तो सक्तीच्या सामूहिक शेतीचा आणि धान्यवसुलीचा, लायसेन्को तेव्हा कुठे वर चढत होता. खरं आहे तेवढंच धरायचं, नाहीतर आपणही फॉर्म भरणारेच.

श्रीलंकेचं विचारणारे भेटतात. तिथे दुष्काळ पडला नाही, पण २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली, भाताचं उत्पादन घटलं, तांदूळ बाहेरून आणावा लागला, आणि नोव्हेंबरात निर्णय मागे घेतला. मी स्वतः शेणखताची भक्त आहे. माझी तक्रार शेणखताबद्दल नाही. अख्खा देश एकदम फवारलेला पट्टा केला, कोरा कुठेच ठेवला नाही.

भाच्यानं द्रावण आणलंच आहे, तर त्याला यंदाचं असं सांगितलंय. आठ पट्टे, एकाआड एक, कडेचे दोन-दोन तास मोजणीत धरायचे नाहीत. कोणता पट्टा फवारलेला ते फक्त त्यानं वहीत लिहायचं आणि वही बहिणीकडे द्यायची. कापणारे आणि तोलणारे वेगळे, त्यांना खुंटीचा नंबर तेवढा माहीत. किती वाढ दिसली तर पुढच्या वर्षी विकत घेणार, हे फवारणीच्या आधी लिहून ठेवायचं. आणि काट्यावर माल ठेवायच्या आधी प्रत्येक पोतं रिकामं तोलायचं. ओलं बारदान पाव किलोनं खोटं बोलतं.